थांबा, तिलेच बोलावतो

आमच्या शाळेत कोणाची निंदा करायची असली, तर आधी गणितबाई कुठे आहेत ते पाहून घ्यावं लागे. त्या वर्गात असल्या तर हरकत नसे. पण मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर त्या बसलेल्या असल्या, तर जीभ आवरलेली बरी. कारण तिथे नसलेल्या माणसाबद्दल कुणी दोन वाकडे शब्द काढले, की गणितबाई हातातले फुटाणे पदराच्या टोकाला बांधत, उठून उभ्या राहत आणि म्हणत, "थांबा, तिलेच बोलावतो."

नुसतं म्हणत नसत. खरोखर जाऊन त्या बाईला मनगटाला धरून घेऊन येत. मग मध्ये उभी करून, बोलणारीकडे वळून अगदी शांतपणे सांगत, "हं. आता बोल. मंगाशी काय म्हणून राह्यली होती?"

बोलणारी कसली बोलते! ती पाण्याच्या माठाकडे पाही, छताकडे पाही, "काही नाही हो, आपलं सहज" असं काहीतरी पुटपुटे. मग गणितबाईच तिचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवत, तिच्या हेलासकट. त्यांच्या डोक्यात बेरजा-वजाबाक्यांइतकीच लोकांची वाक्यंही पक्की बसत. एवढं झालं की त्या परत खिडकीशी जाऊन फुटाणे खायला लागत. पुढे त्या दोघींनी भांडावं, रडावं की चहा प्यावा, हा त्यांचा प्रश्न.

आमच्याकडच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'मी जातो', 'मी सांगतो' असंच बोलतात. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, त्या पुण्याकडून आलेल्या. त्यांच्या कानाला ते सोसत नसे. "अहो, निदान मुलींपुढे तरी 'बोलावते' म्हणत जा," असं त्या गणितबाईंना सांगत. गणितबाई विचारत, "तसं म्हटल्यानं येणारी लवकर येते काय?"

ही वर्ध्याची गोष्ट. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात होतो आणि आमची राजधानी नागपूर होती. शाळा खाजगी संस्थेची, फक्त मुलींची. कापसाच्या बाजाराच्या मागच्या अंगाला कौलारू वर्गांची एक रांग आणि तिच्यापुढे लांब ओसरी. हंगामात बाजारात गाड्यांची रीघ लागली, की कापसाचे तंतू उडत उडत खिडक्यांतून आत येत आणि प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलींच्या तेल लावलेल्या केसांवर चिकटत. सगळा वर्ग एकाएकी म्हातारा झाल्यासारखा दिसे.

मी हिंगणीची. नॉर्मल स्कूलची, म्हणजे मास्तरकीच्या शिक्षणाची, परीक्षा पास होऊन या शाळेत लागले तेव्हा जागा तात्पुरती होती. वडील मास्तरकीतून निवृत्त व्हायला आलेले, पाठची भावंडं शिकणारी, त्यामुळे कायम होणं ही आमच्या घरची सर्वांत मोठी काळजी. मी सिंदी मेघ्याला मावशीकडे राही आणि रोज पायी शाळेत येई.

लागून आठवडा झाला नसेल. तिसरीच्या वर्गावर कविता शिकवत होते. दार ढकलून गणितबाई आल्या. उंच, हाडापेराने दणकट, नऊवारी लुगडं जरा वरच नेसलेलं, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. मुलींना म्हणाल्या, "पोट्ट्यांनो, चुपचाप बसा." आणि मला म्हणाल्या, "चाल. तुह्याबद्दल बोलून राह्यले."

मला वाटलं, काहीतरी भयंकर घडलं. खोलीत गेले तर शिवणबाई पांढऱ्याफटक पडून बसलेल्या. शिवण शिकवणाऱ्या या बाई स्वभावाने गोड, पण सगळ्यांविषयी सगळं त्यांना ठाऊक असे आणि ते त्यांच्या पोटात राहत नसे.

"बोल," गणितबाई म्हणाल्या.

"मी म्हणत होते," शिवणबाई माझ्याकडे पाहून कशाबशा हसल्या, "आवाज किती गोड आहे हिचा."

"नाई. फुटक्या पिपाणीसारखा आहे, म्हणली तू."

मी तिथेच रडायला लागले. शिवणबाईही रडायला लागल्या. गणितबाई मला म्हणाल्या, "आवाज फुटकाच आहे तुह्या. गळ्यातून बोलतेस म्हणून. पोटातून बोलत जाय. उद्या सकाळी लवकर येजो, दाखवतो." आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या शाळेत त्यांनी मला ओसरीच्या त्या टोकाला उभं केलं, स्वतः या टोकाला बसल्या आणि तीनाचा पाढा म्हणायला लावला. ऐकू आलं नाही की हात हलवत. पुढची सगळी नोकरी मी त्या आवाजावर काढली. शिवणबाईंनी मात्र त्या दिवसानंतर माझ्याविषयी जे काही म्हणायचं ते मलाच सांगायला सुरुवात केली, आणि हळूहळू आमची चांगली गट्टी जमली.

गणितबाई मतलबी आहेत असं सगळ्या म्हणत. म्हणजे गणितबाई वर्गात असताना म्हणत. आणि त्यात खोटं काही नव्हतं. खिडकीजवळची वाऱ्याची खुर्ची त्यांची. माठ सकाळी भरला की पहिला गार पेला त्यांचा. फुटाणे त्या कुणाला देत नसत आणि कुणाचे मागत नसत. एकदा एका मुलीच्या वडिलांनी बागेतून संत्र्यांची टोपली पाठवली. आम्ही सगळ्या "तुम्ही घ्या", "नको नको, आधी तुम्ही" करत बसलो, डोळे मात्र टोपलीवर. गणितबाई उठल्या, एकेक संत्रं हातात तोलून पाहिलं, चांगली वजनदार निवडून पदरात घेतली आणि म्हणाल्या, "चांगले चांगले मी घेतले. आता तुमी लाजत बसा."

मोठ्या बाईंच्या खुर्चीबद्दलही त्यांचं असंच होतं. सेवेने मोठ्या बाईंच्या खालोखाल त्याच. दर वर्षी शाळा सुरू झाली, की पहिल्या दिवशी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सगळ्यांदेखत विचारत, "बाई, तुमी रिटायर केव्हा होता? मले ती खुर्ची पाहिजे."

"अजून वेळ आहे," मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणत.

"बरं. इचारून ठेवलं."

त्या दोघींचं भांडण ही शाळेची रोजची बाब होती. मोठ्या बाई शिस्तीच्या, मोजून बोलणाऱ्या. त्यांची प्रार्थना लांबली की गणिताचा तास कापला जाई, आणि मग गणितबाई ओसरीवरूनच ओरडत, "देवाले ऐकू गेलं बाई, आता सोडा पोरींले!" खडू कुलपात ठेवण्यावरून भांडण, घंटा उशिरा देण्यावरून भांडण, एकुलता एक नकाशा कोणत्या वर्गात टांगायचा यावरून भांडण. गावातही सगळ्यांना माहीत होतं, की या दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे.

एकदा शाळा सुटल्यावर आम्ही एकाच रस्त्याने निघालो होतो. त्या नातेवाइकाकडे सिंदी मेघ्यालाच चालल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही असं प्रत्येकीला ओढून का आणता? लोक रागावतात तुमच्यावर."

त्यांनी चाल जरा कमी केली. मग म्हणाल्या, "मी सासरी होती ना, तिथं घर मोठं. जावा, नंदा, चुलत सासवा. सारं बोलणं कानात चाले. मी खोलीत आली की सारं चुप. एक दिवस सकाळी पाहतो तं दारात बैलबंडी जुपलेली. माह्या ट्रंका बंडीत. सासरा म्हणला, बस. मी म्हटलं, कुठं? म्हणला, माहेरी. मी म्हटलं, काऊन? तं कोणीच बोलेना. माह्याबद्दल कोणीतरी काहीतरी सांगतलं होतं. काय सांगतलं होतं, ते मले आजवर कळलं नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसल्या. "सैपाक खराब असन. वरण तं माह्यं आताबी पातळच होते. पण सांगाले पाहिजे होतं ना वं. मी दुरुस्त केलं असतं." आणि पुढे झपझप चालायला लागल्या.

ज्या गोष्टीमुळे गणितबाई माझ्या कायमच्या लक्षात राहिल्या ती घडली मी लागले त्याच वर्षी, हंगाम संपता संपता. आमच्या संस्थेचे चिटणीस सरकीचा व्यापार करायचे. कापसातली रुई काढून घेतल्यावर जे बी उरतं ती सरकी. त्यांची गोदामं भरली, म्हणून त्यांनी शाळेच्या शेवटच्या दोन वर्गांत सरकीची पोती आणून थप्पी लावली. मोठ्या बाईंना विचारलंसुद्धा नाही. सरकीतले लाल किडे मुलींच्या पायांवर चढायला लागले. मोठ्या बाईंनी आधी निरोप पाठवला, मग पुन्हा पाठवला, आणि तरीही काही होत नाही असं पाहिल्यावर एके दिवशी हमाल बोलावून सगळी पोती बाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. भर बाजाराच्या तोंडाशी. दुपारभर जाणारे-येणारे विचारत होते, ही पोती कोणाची? आणि लोक चिटणिसांचं नाव सांगत होते.

चिटणिसांनी तोंडाने एक अक्षर काढलं नाही. पण थोड्याच दिवसांनी निरोप आला, की शाळेच्या कारभाराविषयी काही तक्रारी कानावर आल्या आहेत, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष आणि चिटणीस स्वतः येऊन शिक्षिकांशी एकेकीने बोलतील.

ते आले आणि मोठ्या बाईंच्याच खोलीत, त्यांच्याच टेबलाशी बसले. मोठ्या बाईंना सांगण्यात आलं, की तुम्ही सातवीच्या वर्गावर जा. त्या गेल्या. जाताना त्यांनी टेबलावरचं आपलं पाण्याचं भांडं तेवढं उचलून नेलं.

आम्ही ओसरीतल्या बाकावर बसलो होतो. आधी शिवणबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने निऱ्या नीट करत बाहेर आल्या. चेहरा लाल, पण ओठांच्या कडांना हसू. "काही नाही, सहज विचारलं," म्हणाल्या आणि वर्गात निघून गेल्या. मग भाषा शिकवणाऱ्या बाई गेल्या. त्या अबोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याही बाहेर आल्या, "सहजच," म्हणाल्या आणि आमच्याकडे न बघता गेल्या. उरलो गणितबाई आणि मी. त्यांच्यानंतर माझी पाळी.

त्या महिन्यातच माझ्या कायम होण्याचा निर्णय व्हायचा होता आणि तो चिटणिसांच्या हातात होता. मोठ्या बाईंनी मला मुलीसारखं वागवलं होतं. आत जाऊन काय बोलायचं, हे मला अजिबात ठरवता येत नव्हतं.

"बाई, काय विचारतात हो आत?" मी म्हटलं.

"पाहून येतो," गणितबाई म्हणाल्या, फुटाणे पदराला बांधले आणि आत शिरल्या.

"दार लावून घ्या," चिटणिसांचा आवाज आला.

"राहू द्या. गरम होऊन राह्यलं."

त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं आणि अर्धंअधिक दिसतही होतं. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे वकील. सज्जन माणूस, पण दुपारच्या जेवणानंतर त्यांना जागं ठेवणं कुणालाच जमत नसे. ते छातीवर हनुवटी टेकून झोपले होते.

"बसा बाई," चिटणीस म्हणाले. "तुमचं अन् मोठ्या बाईचं पटत नाई, हे साऱ्या गावाले माहीत आहे."

"हाव."

"तं मोकळ्या मनानं सांगा. ह्या खोलीच्या बाहेर एक शब्द जाणार नाई. आमाले शाळेचं भलं पाह्यचं आहे. अन् उद्या जागा खाली झाली, तं तुमच्याशिवाय आहे कोण? मी शब्द देतो."

"म्हणजे मोठी बाई मी होईन?"

"मी सांगून राह्यलो ना."

"चांगलं आहे," गणितबाई म्हणाल्या. "मले पाहिजेच आहे ते."

बाकावर बसल्या बसल्या मला वाटलं, संपलं सगळं. चिटणिसांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"मग सांगा. काय काय तक्रारी आहेत तिच्याबद्दल?"

"लय आहेत."

"हं, हं. सांगा."

"थांबा," गणितबाई उठल्या, "तिलेच बोलावतो."

चिटणीस "अहो! अहो बाई! ऐका तं!" म्हणत दारापर्यंत आले, पण तोवर त्या करकर वहाणा वाजवत ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या. मोठ्या बाई नकाशाशी उभ्या होत्या, हाताला खडू लागलेला. गणितबाईंनी त्यांचं मनगट धरलं. परत येताना वाटेत शिवणवर्गाचं दार वाजवलं, भाषेच्या वर्गाचं दार वाजवलं. "चाला साऱ्या. चहा नाई आहे, पण चाला." माझ्याजवळ आल्यावर म्हणाल्या, "तूबी ये. कायले एकटी बसतेस?"

अशा आम्ही सगळ्या त्या खोलीत दाटीवाटीने उभ्या राहिलो. या गडबडीत अध्यक्ष जागे झाले आणि समोर इतक्या बायका पाहून नमस्कार करायला लागले.

"बाई," गणितबाई मोठ्या बाईंना म्हणाल्या, "हे तुमच्या तक्रारी इचारून राह्यले. मी सांगतो, तुमी ऐका. तुमची प्रार्थना लांब आहे. माह्या तास खाते."

"हे तुम्ही रोजच सांगता," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"आजबी सांगतो. खडू तुमी कुलपात ठेवता, जसे काई दागिने आहेत. घंटा उशिरा देता. वकिलाच्या, डॉक्टरच्या पोरी समोर बसवता अन् गाडीवाल्याच्या पोरी मांगं." इथे त्या थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अन् मांगच्या साली तुमी एका पोरीले दौत सांडली म्हणून मारलं. तिनं सांडली नव्हती. मांगून कळलं तुमाले, पण तुमी तिले काई म्हटलं नाई. ते मले आवडलं नाई."

चिटणीस टेबलावर पुढे वाकले. "ऐकलं ना अध्यक्षसाहेब? मारलं म्हणतात!"

"मी तुमाले नाई सांगतलं," गणितबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "मी बाईले सांगतलं."

मोठ्या बाईंनी हाताचा खडू झटकला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं. उद्या वर्गात तसं सांगेन मी तिला. आणि मुलींच्या जागा आठवड्याला बदलू. प्रार्थना मात्र आहे तेवढीच राहील."

"बरं. तं झालं माह्यं," गणितबाई म्हणाल्या. मग चिटणिसांकडे वळल्या. "आता तुमच्याबद्दल. वर्गात तुमी सरकी आणून टाकली. पोरींच्या अंगावर किडे चढले. मी बाईच्या जागी असती तं पोती रस्त्यावर नाई, तुमच्या ओसरीत टाकली असती. हे तुमच्या मांगं मी कोणाजवळ बोलली नाई, म्हणून आता सांगतो."

"सरकी?" अध्यक्ष म्हणाले. त्यांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. "वर्गात? कोणी ठेवली?"

चिटणीस घाईघाईने म्हणाले, "ते जाऊ द्या साहेब, विषय तो नाई आहे. ह्या बाई भांडखोर आहेत. बाकीच्या शिक्षिकांनी बरंच सांगतलं आहे."

"हाव काय?" गणितबाई शिवणबाईंकडे वळल्या. शिवणबाई भाषाबाईंच्या मागे सरकल्या. "मले तं हे मोठी बाई करतो म्हणले. तुले काय म्हणले?"

शिवणबाईंना काय झालं कोण जाणे. भीती विसरून त्या एकदम पुढे आल्या. "तुम्हाला? अहो, असं कसं! आत्ता, याच खुर्चीत बसून त्यांनी मला शब्द दिला!"

भाषाबाई इतका वेळ जमिनीकडे बघत होत्या. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मलाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि वकिली आवाजात, खरोखरच कळावं म्हणून विचारलं, "म्हणजे आपल्या शाळेत एकूण मुख्याध्यापिका किती?"

आधी हसल्या त्या मोठ्या बाई. त्यांना मी तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग शिवणबाई रडता रडता हसायला लागल्या, आणि मग काही कुणाला आवरेना. चिटणीस तेवढे उभ्याउभ्या घाम पुसत होते.

हसू ओसरल्यावर गणितबाई पुन्हा सुरू झाल्या. "आता ह्या दोघींनी काय सांगतलं तेबी होऊ द्या. बाई उभ्याच आहेत."

शिवणबाईंचा चेहरा पडला. पण मोठ्या बाईंनी हात वर केला. "नको. कोण काय बोललं ते मला ऐकायचं नाही."

"काऊन? ऐकाच."

"नको म्हटलं ना. उद्या सकाळी यांच्याबरोबर मला शाळा भरवायची आहे." आणि अध्यक्षांना नमस्कार करून त्या सातवीच्या वर्गावर परत गेल्या. नकाशा तसाच अर्धा सोडून आल्या होत्या.

अध्यक्षांनी चौकशी तिथेच संपवली. जाताना ते वर्गांच्या रांगेकडे फिरकले आणि शेवटच्या वर्गाच्या कोपऱ्यात सांडलेली थोडी सरकी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून चिटणिसांच्या हातात ठेवली. चिटणीस पुढेही चिटणीसच राहिले, पण शाळेत पोती काही पुन्हा आली नाहीत. माझी पाळी आलीच नाही, आणि त्याच महिन्यात अध्यक्षांच्या सहीने मी कायम झाले.

संध्याकाळी निघताना गणितबाई मला म्हणाल्या, "तू आत गेली असती तं काय सांगतलं असतं वं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"हे खरं बोलली." थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "पण बाई म्हणल्या तेच बरोबर होतं. नाई ऐकायचं. माह्याच्यानं ते झालं नसतं. मी खोदून खोदून इचारलं असतं."

शिवणबाई आणि भाषाबाई काही दिवस मधल्या सुट्टीत आपापल्या वर्गातच डबा खात. मग एक दिवस मोठ्या बाई स्वतः शिक्षिकांच्या खोलीत येऊन बसल्या आणि दोघींनाही हाक मारली, "डबे घेऊन या इकडे." त्या आल्या. शिवणबाईंनी आपल्या डब्यातली अर्धी भाजी मोठ्या बाईंच्या पानात वाढली. गणितबाईंसाठी मोठ्या बाईंनी खडूची अख्खी पेटी आणली होती. आम्हाला वाटलं, त्या बाणेदारपणे नाही म्हणतील. त्यांनी पेटी उघडून पाहिली, तुटके किती आहेत ते बघितलं आणि म्हणाल्या, "देता तं घेतो." पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे विचारूनही आल्या, "बाई, केव्हा रिटायर होता?"

अखेर ती वेळ आली. तोवर आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो, आणि सरकारी कागद नागपूरऐवजी मुंबईहून यायला लागले होते. निरोप समारंभ सातवीच्या वर्गात होता. अध्यक्ष जागे होते. चिटणिसांनीही मोठ्या बाईंच्या कर्तव्यनिष्ठेवर भाषण केलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते गंभीर चेहऱ्याने ऐकलं. मग नव्या मुख्याध्यापिका म्हणून गणितबाईंना बोलायला सांगितलं.

त्या उठल्या. समोर न बघता लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. "वाईट होतं ते सारं मी बाईच्या तोंडावर बोलून टाकलं आहे," त्या म्हणाल्या. "आता चांगलं तेवढं राह्यलं. ते मले तोंडावर बोलता येत नाई. बाई, तुमी जरा बाहेर जा."

सगळे बघतच राहिले. समारंभ ज्यांचा, त्यांनाच बाहेर जायला सांगायचं! पण मोठ्या बाई उठल्या, गळ्यातला हार सावरत ओसरीत गेल्या. खिडकीच्या कडेला त्यांच्या लुगड्याचा काठ दिसत होता. गणितबाईंच्याही तो लक्षात आला. "खिडकी लाव वं," त्या मला म्हणाल्या. मी लावली.

"मी इतकी वर्सं बाईले जे मनात येईन ते बोलली," गणितबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. "दुसरी कोणी असती तं मले कधीच काढली असती. हिच्या मनात असतं तं चिटणिसाले एक शब्द बोलायचा होता. ते तं तयारच होते." चिटणिसांनी खाली मान घातली. "पण हिनं ऐकून घेतलं. रोज ऐकून घेतलं. लोकं म्हणतात गणितबाई तोंडाच्या लय धीट. माह्या धीट तोंडात काय आहे? समोर ऐकणारं माणूस होतं म्हणून मी बोलली. नाईतं मी सासरीबी होतीच ना." त्या थांबल्या. "ती खुर्ची मले पाहिजे होती, ते खरं आहे. आजबी पाहिजे. पण उद्या तिथं बसल्यावर कोणी मले तसं बोललं, तं मले ऐकून घेता येईन का नाई, ह्याचं मले भेव वाटून राह्यलं." मग एकदम पदराने तोंड पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "झालं. बोलवा तिले."

मी दार उघडलं. मोठ्या बाई आत आल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, "काय बोललात?"

"तुमच्या मांगं बोलली. ते तुमाले कायले सांगू?"

मोठ्या बाईंनी मग अध्यक्षांकडे पाहिलं. ते हसून छताकडे बघायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भाषाबाईंकडे पाहिलं, आणि शेवटी, आता नक्की कळणार अशा खात्रीने, शिवणबाईंकडे पाहिलं.

शिवणबाईंचे डोळे भरून आले होते आणि सांगायची इच्छा त्यांच्या अख्ख्या चेहऱ्यावर दिसत होती. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान हलवली आणि मोठ्या बाईंच्या हातात चहाचा कप दिला.